आडवं होण्याचा भाव

खरेदी होते ती अशी. विमान कंपनीचं पत्र ईमेलमध्ये येतं: शंभर टक्के बोनस, मुदत आज मध्यरात्रीपर्यंत. दुव्यावर टिचकी मारली की एक पान उघडतं आणि त्यावर मैलांचे आकडे पायरीपायरीने वाढवता येतात. दहा हजार, तीस हजार, साडेबेचाळीस हजार. शेजारच्या चौकटीत तेवढेच ‘बोनस’ मैल आपोआप येऊन बसतात. खाली बेरीज, तिच्याखाली रक्कम. कार्डाचा नंबर, ओटीपी, संपलं. कुणी तारीख विचारली नाही, शहर विचारलं नाही, सीट दाखवली नाही. पैसे परत मिळणार नाहीत, एवढं मात्र बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कार्डाचा हिशेब उघडावा, तर तिथे पुष्कळदा विमान कंपनीचं नावच नसतं. असतं ते टोरंटोच्या ‘पॉइंट्स’ या कंपनीचं. जगातल्या अनेक विमान कंपन्यांचा मैलविक्रीचा गल्ला ही एकटी कंपनी सांभाळते. २०२२ साली प्लसग्रेड या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीने तिला सुमारे ३८.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतलं.

बोनस म्हटलं की मराठी माणसाला गिरणीतला दिवाळीचा बोनस आठवतो, मालकाने कामगाराला द्यायचा. इथे गिऱ्हाईक स्वतःच्याच पैशाने स्वतःला बोनस देतं. पण म्हणून हा व्यवहार खुळेपणाचाच असतो असं नाही. काही वेळा तो इतका फायद्याचा ठरतो, की पहिल्यांदा हिशेब मांडणाऱ्याला आपलीच बेरीज चुकली असं वाटतं.

मांडून बघावा. समजा, मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. नातीच्या बारशासाठी आलेले आईवडील सहा महिन्यांनी पुण्याला परत निघालेत. आईचे गुडघे धरलेले, वडिलांना बीपीच्या गोळ्या. येताना दोघं इकॉनॉमीतून आले, तेव्हा आईच्या पायांवरची सूज चार दिवस उतरली नव्हती. जाताना तरी त्यांना पाय पसरून झोपता यावं, एवढीच मुलाची इच्छा. न्यूअर्कहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई हे अंतर जेमतेम आठ हजार मैलांच्या आत बसतं. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये जो नवा तक्ता लावला, त्यात उत्तर अमेरिकेतून युरोप, आफ्रिका आणि भारत या पट्ट्यात सहा ते आठ हजार मैलांच्या प्रवासाला बिझनेस क्लाससाठी माणशी ८५,००० पॉइंट्स लागत. वाटेतलं विमानतळ बदलून मार्ग शंभर मैलांनी वाढला की पुढची पायरी, एक लाख.

एरोप्लॅनचा छापील भाव पॉइंटला साडेतीन कॅनेडियन सेंट. शंभर टक्के बोनस असला की तो निम्म्यावर येतो, पावणेदोन सेंट. ८५,००० पॉइंट्सचे झाले १,४८७ कॅनेडियन डॉलर आणि ५० सेंट. वर दुसऱ्या कंपनीच्या विमानात सीट काढून देण्याचे ३९ डॉलर आणि विमानतळांचे कर. इंधन अधिभार ही योजना लावत नाही. भारतातल्या कार्डाने पैसे भरले, तर बहुतेक बँका परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपयांहून थोडे जास्त. सगळं धरून माणशी लाखभर रुपये. तीच सीट रोखीने घ्यायची तर एकेरी तिकीटसुद्धा सहसा दोन लाखांच्या पुढेच बोलतं. आणि पॉइंट्स मुलाच्या खात्यात असले तरी तिकीट आईवडिलांच्या नावावर निघतं. आणखी ५,००० पॉइंट्स दिले की वाटेत चार दिवस मुक्कामही करता येई.

हा सगळा आटापिटा आडवं होण्यासाठी. पूर्वी बिझनेस क्लास म्हणजे रुंद आणि बऱ्यापैकी मागे कलणारी खुर्ची, एवढंच होतं. २००० साली ब्रिटिश एअरवेजने या वर्गात पूर्ण सपाट होणारा पलंग आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाकीच्यांना मागोमाग जावं लागलं. तेव्हापासून या वर्गात विकली जाते ती झोप. शॅम्पेन, नक्षीदार पाकिटातलं दात घासायचं सामान, तीन प्रकारचे पाव हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला सोळा तासांच्या प्रवासात नक्की काय हवं असतं, हे विमान कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

मैलांची सुरुवात मात्र झोपेशी संबंध नसलेल्या एका भीतीतून झाली. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. कुणीही कुठेही, कितीही स्वस्तात उडू लागलं, आणि कालचं गिऱ्हाईक उद्या येईल याची खात्री उरली नाही. अमेरिकन एअरलाइन्सकडे त्या वेळी एक हत्यार होतं: सेबर ही संगणकीय आरक्षण व्यवस्था. वारंवार प्रवास करणारी माणसं तिच्या नोंदींतून हुडकता येत होती. १ मे १९८१ रोजी, इकडे महाराष्ट्र दिनाची सुटी होती तेव्हा, तिकडे ‘अॅडव्हान्टेज’ योजना सुरू झाली: आमच्या विमानाने जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर जमा, पुरेसे जमले की तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली आणि मग सगळ्यांनाच काढावी लागली.

इथपर्यंत मैल म्हणजे खरोखरच मैल होता. १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सिटीबँकेबरोबर क्रेडिट कार्ड आणलं आणि मैलाचं विमानाशी असलेलं नातं तुटलं. आता किराणा भरून, दंतवैद्याचं बिल देऊन, गाडीत पेट्रोल टाकून मैल मिळू लागले. बँक ते मैल विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेते आणि गिऱ्हाइकाला वाटते. म्हणजे मैल विकत घेणारा सगळ्यात मोठा ग्राहक प्रवासी नाहीच, बँक आहे.

एखादी वस्तू चलन झाली की तिचा सट्टा खेळणारे येणारच. या जमातीचा मूळपुरुष कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स नावाचा इंजिनिअर. १९९९ मध्ये हेल्दी चॉइस या खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहीर केलं की दहा बारकोड पाठवा आणि ५०० मैल घ्या. मे महिना संपायच्या आत पाठवलेत तर दुप्पट. फिलिप्सने याच कंपनीचा सगळ्यात स्वस्त माल शोधला. तो निघाला पंचवीस सेंटला मिळणारा पुडिंगचा छोटा डबा. त्याने गावोगावच्या दुकानांतून १२,१५० डबे उचलले. आता एवढ्या डब्यांवरची लेबलं महिन्याच्या आत सोलणार कोण? घरच्यांच्या बोटांना फोड आले. तेव्हा त्याने साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला गाठलं: पुडिंग तुम्ही वाटा, लेबलं सोलून मला द्या. खर्च ३,१४० डॉलर, मिळकत साडेबारा लाखांहून जास्त मैल. मैलाला पाव सेंट पडला. वर दान केलेल्या पुडिंगपोटी ८१५ डॉलरची करसवलत. ही करामत पुढे पॉल थॉमस अँडरसनच्या २००२ सालच्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ या चित्रपटात शिरली.

दुसरी गंमत खुद्द अमेरिकेच्या टाकसाळीने घडवली. एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून टाकसाळ ती दर्शनी किमतीला, पोस्टाचा खर्चही न लावता घरपोच देत होती आणि क्रेडिट कार्डही घेत होती. लोकांनी अडीचशे नाण्यांची खोकीच्या खोकी मागवली, तशीच गाडीत घातली आणि बँकेत नेऊन भरली. त्या पैशातून कार्डाचं बिल चुकतं केलं. नाणी बाजारात गेलीच नाहीत, मैल तेवढे खात्यावर गेले. प्रकार लक्षात यायला टाकसाळीला वेळ लागला. जुलै २०११ मध्ये तिने या नाण्यांसाठी कार्ड घेणं बंद केलं. आपल्याकडे पोतंभर चिल्लर घेऊन बँकेत गेलेल्या माणसाचं जे स्वागत होतं, ते आठवलं की या मंडळींच्या धाडसाला दाद द्यावीशी वाटते.

२००५ च्या सुरुवातीला ‘द इकॉनॉमिस्ट’ने एक हिशेब मांडला होता. जगभरच्या खात्यांत न वापरलेले सुमारे १४ लाख कोटी मैल पडून आहेत आणि त्यांची किंमत चलनात असलेल्या सगळ्या डॉलरच्या नोटा-नाण्यांपेक्षा जास्त भरते. तो हिशेब अनेकांना तेव्हा विनोद वाटला. २०२० मध्ये मात्र तो कोणालाच विनोद वाटला नाही. कोविडमध्ये विमानं जमिनीवर खिळली आणि कर्जासाठी तारण काय ठेवायचं हा प्रश्न आला. युनायटेडने मायलेजप्लस ही आपली मैलांची योजनाच गहाण टाकली आणि ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी काढलेली योजनेची किंमत जवळपास २,२०० कोटी डॉलर होती. शेअर बाजार अख्ख्या युनायटेडची, विमानं आणि मार्ग धरून, त्याच्या निम्मीच किंमत करत होता. डेल्टाने त्याच वर्षी स्कायमाइल्सवर ९०० कोटी उचलले, अमेरिकनने २०२१ च्या मार्चमध्ये अॅडव्हान्टेजवर १,००० कोटी. विमान उडवण्याचा धंदा तोट्यात, मैल छापण्याचा नफ्यात, असं हे उफराटं घर आहे.

एअर कॅनडाला हे स्वतःच्या खिशातून शिकावं लागलं. तिने २००५ मध्ये एरोप्लॅन वेगळी काढून भांडवल बाजारात विकली. मग मे २०१७ मध्ये जाहीर केलं की आम्ही आमची नवी योजना काढू. त्याबरोबर एरोप्लॅनच्या मालक कंपनीचा शेअर कोसळला. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये ४५ कोटी कॅनेडियन डॉलर देऊन, आणि लोकांच्या खात्यांतल्या पॉइंट्सची सुमारे १९० कोटींची देणी अंगावर घेऊन, एअर कॅनडाने आपलीच विकलेली वस्तू परत घेतली.

म्हणजे मैल सवलतीत विकणारी कंपनी गिऱ्हाइकावर उपकार करत नसते. रोख पैसे आज हातात येतात. देणं कधी फेडायचं, कितीला फेडायचं आणि फेडायचं की नाही, हे नंतर बघता येतं. रिकामी जाणारी सीट एखाद्या मैलवाल्याला दिली तर खर्च जेवणाचा आणि थोड्या इंधनाचा. आणि कित्येकांचे मैल मुदत संपून आपोआप गळतात. या गळतीवर कंपन्यांचा भरवसा असतो.

या बाजारातली सगळ्यात प्रसिद्ध पेढी बरीच वर्षं कोलंबियाची होती. आवियांका ही १९१९ मध्ये जन्मलेली, जगातल्या सगळ्यात जुन्या विमान कंपन्यांपैकी एक. तिच्या लाइफमाइल्स योजनेचा छापील भाव मैलाला ३.३ सेंट, पण त्या भावाने बहुधा कोणीच घेतले नसतील. सतत बोनस चालू. १४५ टक्के बोनस लागला की भाव उतरून १.३५ सेंटवर. आवियांका स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यामुळे हे मैल लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, जपानची एएनए अशा सगळ्यांच्या विमानांत चालत, आणि इंधन अधिभारही नसे. अमेरिकेतून युरोपला बिझनेस क्लासचं एकेरी तिकीट कित्येक वर्षं ६३,००० मैलांना मिळत होतं: साधारण साडेआठशे डॉलर. लुफ्तान्साचा फर्स्ट क्लास ८७,००० मैलांना, म्हणजे पावणेबाराशे डॉलरच्या आसपास. फ्रँकफर्टला या वर्गाच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल आहे. तिथल्या न्हाणीघरात टबात सोडायला रबरी बदक मिळतं आणि ते घरी नेता येतं. बोगोटा नकाशावर कुठे आहे हेही न पाहिलेल्या हजारो लोकांनी कोलंबियाचे मैल घेऊन ही बदकं घरी नेली.

मे २०२० मध्ये आवियांकाने अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. मैलांची विक्री त्याही काळात चालूच होती.

इथवर वाचून कार्डाकडे हात गेला असेल, तर थोडा आवरावा. कारण मैल विकत मिळतात, सीट मिळत नाही. प्रत्येक विमानात मैलवाल्यांसाठी किती जागा सोडायच्या हे कंपनीचा भाडे-विभाग ठरवतो. आरक्षण व्यवस्थेत अशा जागांना वेगळी अक्षरं असतात. स्टार अलायन्समध्ये बिझनेस क्लाससाठी ‘आय’. एखाद्या विमानाला ‘आय दोन’ दिसलं म्हणजे मित्र-कंपन्यांच्या मैलांवर दोघांना जागा आहे. ‘आय शून्य’ असलं, की मग अर्धं विमान रिकामं असो आणि तुमच्या खात्यात दहा लाख मैल असोत, काही होत नाही. आपल्याकडची म्हण इथे शब्दशः लागू पडते: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. लोक मैल घेतात, सासूबाईंना फोन करून ‘या वेळी तुम्ही झोपून येणार’ असं सांगून टाकतात, आणि मग शोधायला बसतात तर डिसेंबरभर शून्य.

जागा उघडतात त्याचे दोन मोसम. पहिला मोसम प्रवासाच्या जवळजवळ वर्षभर आधी. अनेक कंपन्या ३३० ते ३६० दिवस आधी तारखा उघडतात, आणि मुरलेली माणसं त्या विशिष्ट वेळी, कधी पहाटे साडेपाचला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली असतात. दुसरा मोसम शेवटच्या दोन आठवड्यांत, विकल्या न गेलेल्या जागांचा. लुफ्तान्साचा फर्स्ट क्लास मित्र-कंपन्यांच्या मैलांवर मिळायचा तो याच दिवसांत. म्हणजे एक तर पुढच्या वर्षीची तारीख आत्ता ठरवता आली पाहिजे, नाहीतर परवा निघायची तयारी हवी. शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबाला दोन्ही कठीण. निवृत्त आईवडिलांना दोन्ही सोपं. अट एवढीच की व्हिसा हातात हवा.

त्यातही खोट असते. कधी एका कंपनीच्या पानावर जागा दिसते, पैसे भरायला गेलं की नाहीशी होते. या धंद्यात तिला ‘फँटम’ म्हणतात, भुताची सीट. ती जमेला धरून मैल घेतलेले लोक मग कॉल सेंटरच्या संगीतावर तास घालवतात. शिवाय घेतलेले मैल लगेच खात्यावर दिसतीलच असं नाही. काही योजना दोन-तीन दिवसांची मुदत मागतात आणि तेवढ्यात सीट दुसऱ्याची होते. खातं नुकतंच उघडलेलं असेल तर काही ठिकाणी काही दिवस मैल विकतच देत नाहीत. तेव्हा खातं आधी उघडून ठेवावं. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा खड्डा अधिभाराचा. ‘फुकट’ तिकिटावर काही कंपन्या ‘कॅरिअर चार्जेस’ नावाची रक्कम लावतात. लंडनमार्गे ब्रिटिश एअरवेजने लांबच्या प्रवासाला तिच्या ‘एव्हिओस’ या पॉइंट्सवर बिझनेस क्लास काढणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. ती शेकड्यांनी पौंडांत जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही पॉइंट्स वेगळे खर्चून. म्हणून सराईत माणूस मैलाचा भाव विचारण्याआधी विचारतो, वर रोख किती.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, तो अवमूल्यनाचा. ३१ मार्च २०१६ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या योजनेत एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासचे दर कुठलीही पूर्वसूचना न देता रातोरात भरमसाट वाढले. आदल्या संध्याकाळी मैल विकत घेऊन झोपलेल्यांनी सकाळी उठून पाहिलं तेव्हा तिकीट हाताबाहेर गेलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टर्किशने अमेरिका ते युरोप बिझनेस क्लासचा दर ४५,००० वरून ६५,००० वर नेला. डेल्टाने तर २०१५ मध्ये दरांचा तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला. तक्ताच नसेल तर वाढ झाली म्हणून भांडणार कशावर?

भांडून पाहिलेलेही आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये जुन्या मैलांवरही नव्या अटी लावल्या, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ चा निकाल असा: राज्यांच्या ग्राहक संरक्षण कायद्यांखाली विमान कंपनीवर दावा चालणार नाही, कारण १९७८ चा नियंत्रणमुक्तीचा कायदा आड येतो, करारभंगाचा दावा तेवढा करता येईल. आणि करारात लिहिलेलं काय असतं? कंपनी केव्हाही नियम बदलू शकते. पुढचं प्रकरण मिनेसोटातल्या बिन्योमिन गिन्सबर्ग या रब्बींचं. वर्षाला पाऊण लाख मैल उडणारा हा प्रवासी. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये त्यांचं सर्वोच्च श्रेणीचं सदस्यत्व रद्द केलं, कारण ते फार तक्रारी करतात. रब्बी म्हणाले, व्यवहारात काही सद्भाव असतो की नाही? एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं की राज्याच्या कायद्याने लादलेला असा सद्भाव विमान कंपनीला लागू होत नाही. ज्या कायद्याने स्पर्धा आणली, आणि स्पर्धेने मैल आणले, तोच कायदा मैलवाल्याच्या वाटेत उभा राहिला.

भारतातल्या वाचकाला या गोष्टी परक्या वाटायचं कारण नाही. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि ‘किंग क्लब’चे मैल लोकांच्या खात्यात आकड्यांच्या रूपात उरले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळी कंपनी असल्यामुळे वाचली, इंटरमाइल्स असं नाव घेऊन चालू राहिली. पण ज्यांनी वर्षानुवर्षं लंडनच्या दोन तिकिटांसाठी मैल साठवले होते, त्यांच्यासाठी विमानच उरलं नव्हतं. उलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंट्स एकास एक दराने पुढे आले.

मुंबई-पुण्यात अलीकडे हे वेड पसरलं ते बहुतांशी कार्डांमुळे, आणि त्यातही अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डामुळे. त्याचं गणित असं होतं: महिन्याला एक लाख खर्च करा, दोनशे रुपयांना १२ या दराने ६,००० पॉइंट्स मिळतील, वर लाखाचा टप्पा गाठला म्हणून २५,०००. एकूण ३१,०००, आणि विमान कंपन्यांकडे वळवताना पाच पॉइंट्सचे चार मैल. म्हणजे लाखाच्या खर्चावर २४,८०० मैल. सहा महिने हे जमवलं की अमेरिकेचं बिझनेस क्लास तिकीट आवाक्यात. मग सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, मेव्हण्याचा फ्रिज, ऑफिसातल्या सगळ्यांच्या जेवणाचं बिल एकाच कार्डावर जाऊ लागलं. ‘तू रोख मला दे, कार्ड माझं लाव’ हे वाक्य कित्येक घरांत रोजचं झालं. असं औदार्य बँकेला फार दिवस परवडणार नव्हतं. १ सप्टेंबर २०२३ पासून महिन्याचा बोनस गेला आणि पाचाचे चार होते ते पाचाचे दोन झाले.

खर्चातून मिळणारे मैल आटले की विकतच्या मैलांकडे वळावंसं वाटतं, आणि तिथे आणखी एक माणूस भेटतो: मैलांचा दलाल. दुसऱ्याच्या खात्यातले मैल स्वस्तात देतो, तिकीटही काढून देतो. जवळपास प्रत्येक योजनेच्या अटींत मैल विकायला सदस्याला मनाई आहे. विकायचे तर फक्त कंपनीने. असा व्यवहार पकडला गेला की खातं गोठतं आणि तिकीट रद्द होतं, कधी प्रवासी विमानतळावर पोचल्यावर. त्या वेळी दलालाचा फोन बहुधा लागत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला या जुगारात ढकलू नये.

एवढं सगळं कळल्यावरही मैल घेणारे घेत राहतात, आणि ज्यांची पद्धत ठरलेली आहे त्यांना ते साधतं. साठवायला मैल घेऊ नयेत. बोनस कितीही मोठा असला आणि मुदत कितीही आजची असली तरी. आधी तारीख, मग त्या तारखेची सीट, तीही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पानांवर दिसलेली. मग वरची रोख रक्कम किती हे पाहणं. काही योजना फोनवर सीट एक-दोन दिवस धरून ठेवतात, तिथे ती धरणं. तेच तिकीट रोखीने केवढ्याला आहे ते पुन्हा एकदा बघणं, कारण कधीकधी सेलमध्ये रोख तिकीटच स्वस्त निघतं. आणि सगळ्यात शेवटी कार्ड. या क्रमाने गेलेल्या माणसाच्या खात्यात मैल तासभर, फार तर तीन दिवस राहतात. तेवढ्या वेळात कोणतीही कंपनी बुडत नाही, आणि तक्ता बदलला तर तो केवळ दुर्दैवाचा भाग.

ज्यांच्या घरी परदेशातून कुणी येणार आहे किंवा इथून मोठी माणसं तिकडे जाणार आहेत, त्यांनी दिवाळीच्या गडबडीत तेवढी एक तारीख ठरवून टाकावी. त्याच सुमाराला, साडेतीनशे दिवसांच्या हिशेबाने, पुढच्या दिवाळीच्या जागा उघडायला लागलेल्या असतील.